तारेची शिस्त आणि अनुस्वाराची राखण

भाषेच्या अध्यापकाने फॅक्स यंत्राच्या नियमांविषयी लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु हस्तलिखित मराठी मजकूर त्याच अक्षरात, काही मिनिटांत दुसऱ्या गावी पोहोचवण्याची सोय आपल्या पिढीतल्या बहुतेकांना प्रथम याच यंत्राने करून दिली. टेलेक्सचा कळफलक सहसा रोमन अक्षरांचा असे. पुढे संगणक आला, तेव्हा दोन्हीकडे एकच फाँट असल्याशिवाय मराठी मजकूर वाचता येत नसे. फॅक्स मात्र अक्षर ओळखतच नाही. तो कागदाचे चित्र पाठवतो. हैदराबादसारख्या शहरात, जिथे एकाच टेबलावर तेलुगू, उर्दू, मराठी आणि इंग्रजी कागद एकत्र येतात, तिथे या निरक्षर यंत्राने सर्व लिप्यांना सारखे वागवले, ही लहान गोष्ट नव्हे.

आजही शासकीय कार्यालये, न्यायालये, रुग्णालये यांच्या पत्रशीर्षावर फॅक्स क्रमांक छापलेला दिसतो. असे यंत्र टेलिफोनच्या तारेला जोडायचे, तर त्याला कोणते नियम लागू होतात आणि ते नियम नेमके कशाची हमी देतात, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे. माझा मुख्य मुद्दा आधीच नोंदवतो. हे नियम तारेचे रक्षण करतात, मजकुराचे नाही. मजकुराची राखण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाच करावी लागते.

कायद्याच्या भाषेतली 'तार'

भारतात या विषयाची मुळे 1885 च्या भारतीय तार अधिनियमात आहेत. आपण 'तार' म्हटले की आपल्याला 2013 च्या जुलैत बंद झालेली तारसेवा आठवते. कायद्यातील 'टेलिग्राफ' या शब्दाचा अर्थ मात्र बराच व्यापक आहे. चिन्हे, संकेत, लिखाण, चित्रे किंवा आवाज विद्युत अथवा तत्सम साधनाने पाठवणारे वा घेणारे कोणतेही उपकरण त्यात येते. म्हणून व्यवहारात तारसेवा संपली, तरी कायद्याच्या दृष्टीने फॅक्स यंत्र 'तार'च राहिले. एखाद्या शब्दाचा बोलीतला अर्थ आकसतो आणि कायद्यातला अर्थ पसरतो, याचे हे चांगले उदाहरण अर्थविचार शिकवताना वर्गात देता येईल. 2023 मध्ये नवा दूरसंचार अधिनियम संमत झाला असून 2024 पासून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत.

जुन्या अधिनियमाखालील नियमांत 5 सप्टेंबर 2017 च्या अधिसूचनेने एक नवा भाग घालण्यात आला. परवानाधारक जाळ्याला जोडता येईल अशा प्रत्येक दूरसंचार उपकरणाची आधी चाचणी व्हावी आणि त्याला प्रमाणपत्र मिळावे, असे त्यात ठरले. हे काम दूरसंचार विभागाच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राकडे, म्हणजे 'टीईसी'कडे आहे. सक्ती टप्प्याटप्प्याने आली. पहिल्या टप्प्यात 1 ऑक्टोबर 2019 पासून साधे दूरध्वनी संच, मोडेम, कॉर्डलेस फोन, खासगी एक्स्चेंज यांच्याबरोबर 'जी-3' प्रकारची फॅक्स यंत्रेही आली. प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा तो उत्पादकाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने. खरेदी करणाऱ्या महाविद्यालयाने वा संस्थेने प्रयोगशाळेत जायचे नसते. तिने विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागायचे असते. फॅक्स, छपाई आणि स्कॅनिंग एकाच यंत्रात असेल, तर प्रिंटर म्हणून भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणीही लागते. एकाच खोक्याला दोन खाती विचारणा करतात, त्याचे कारण हे.

चाचणी कशाची?

टेलिफोनची तांब्याची जोडतार ही सामायिक वस्तू आहे. एक्स्चेंज तिच्यावर सुमारे 48 व्होल्टचा एकदिश दाब ठेवते आणि घंटा वाजवताना सुमारे 75 व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब पाठवते. रिसीव्हर खाली असताना यंत्राने जवळजवळ काहीच प्रवाह ओढू नये. उचलल्यावर ठरावीक प्रवाह ओढावा, म्हणजे एक्स्चेंजला 'कोणी बोलते आहे' हे कळते. यंत्र सदोष असेल, तर ग्राहकाचा फोन सदैव 'व्यस्त' राहतो. त्याने आवाजाची पातळी मर्यादेपेक्षा वाढवली, तर एकाच केबलमधल्या शेजारच्या जोडतारेवर कुजबुज ऐकू जाते. सर्वांत गंभीर बाब अशी, की यंत्र 230 व्होल्टच्या घरगुती विजेवर चालते. ती वीज आतून फुटून टेलिफोनच्या तारेवर आली, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणून विद्युत सुरक्षितता, विद्युतचुंबकीय गोंगाटाची मर्यादा आणि तारेशी जुळणी, या गोष्टी तपासल्या जातात. 'अनुपालन' हा शब्द कोरडा वाटतो. त्याच्या मुळाशी शेजारधर्म आहे.

हा विचार जगात सहजासहजी रुजला नाही. अमेरिकेत दीर्घकाळ टेलिफोन कंपनीच्या मालकीचेच उपकरण तारेला जोडता येत असे. 1968 मधील 'कार्टरफोन' निर्णयाने तेथील दूरसंचार आयोगाने ही मक्तेदारी मोडली. जाळ्याला अपाय होत नसेल, तर ग्राहकाला स्वतःचे यंत्र जोडता येईल, असे ठरले. मग अपाय होत नाही हे सिद्ध कसे करायचे, या प्रश्नातून तांत्रिक मानके आणि नोंदणीची पद्धत आली. आधी नियम विचारत होता, 'यंत्र कोणाचे?' नंतर तो विचारू लागला, 'यंत्र वागते कसे?' आपल्याकडची आजची प्रमाणनपद्धती याच दुसऱ्या प्रश्नावर उभी आहे.

पानाचे काय होते?

'जी-3' म्हणजे तिसऱ्या गटाचा फॅक्स. याचे आंतरराष्ट्रीय मानक 1980 मध्ये ठरले. पाठवणारे यंत्र 1100 हर्ट्झचा थांबून थांबून येणारा सूर देते. घेणारे 2100 हर्ट्झच्या लांब सुराने उत्तर देते. मग दोघे आपापल्या क्षमता सांगून वेग ठरवतात. माणसे 'हॅलो' म्हणून कोणत्या भाषेत बोलायचे ते ठरवतात, तसेच हे.

यंत्र पानाच्या आडव्या पट्ट्या करते. प्रत्येक पट्टीत 1728 ठिपके असतात. साध्या प्रतीत उभ्या दिशेने एका मिलिमीटरला 3.85 पट्ट्या पडतात. ए-4 आकाराच्या पानाचे सुमारे 20 लाख ठिपके होतात. ते एकेक पाठवले, तर सेकंदाला 9600 अंकांच्या वेगाने साडेतीन मिनिटे लागतील. म्हणून यंत्र ठिपके पाठवत नाही, मोजणी पाठवते: इतके पांढरे, मग इतके काळे, पुन्हा इतके पांढरे. त्यामुळे एरवीचे पान मिनिटाभरात जाते. देवनागरीची शिरोरेषा या मोजणीला सोयीची, कारण ती म्हणजे एका शब्दाएवढी लांब, सलग काळी रेघ.

शिरोरेषेच्या वरचे प्रकरण मात्र नाजूक आहे. दोन पट्ट्यांत सुमारे पाव मिलिमीटरचे अंतर असते. छापील मजकुरातला अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार दोनच पट्ट्यांत येतो. बारीक पेनाने टेकवलेला ठिपका एकाच पट्टीत, तोही फिकट. त्यात तारेवर खरखर असेल तर एखादी पट्टी बिघडते आणि काही यंत्रे तिच्या जागी आधीचीच पट्टी पुन्हा छापतात. रोमन लिपीत आयवरचा ठिपका गेला तरी शब्द वाचता येतो. मराठीत 'प्रस्ताव मंजूर' यातला ठिपका गेला, की उरतो 'प्रस्ताव मजूर'. 'मंद'चा 'मद' होतो, 'बंद'चा 'बद'. उर्दूची तर सारी भिस्त नुक्त्यांवर; एका नुक्त्याने अक्षर बदलते. यंत्राने प्रमाणपत्रातली प्रत्येक अट पाळलेली असते, आणि तरीही शब्द हरवलेला असतो.

न्यायालयाची दृष्टी

नियम मजकुराकडे पाहत नसला, तरी न्यायालय पाहते. न वटलेल्या धनादेशाबाबत 'लेखी' नोटीस द्यावी लागते. फॅक्सने दिलेली नोटीस 'लेखी' ठरते का, हा प्रश्न 'सिल इम्पोर्ट, यूएसए विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 1999 च्या निकालाने उत्तर दिले: ठरते. गंमत अशी, की त्याचा फटका नोटीस पाठवणाऱ्यालाच बसला. त्याने 11 जून 1996 रोजी फॅक्स केला आणि दुसऱ्या दिवशी तीच नोटीस रजिस्टर टपालानेही पाठवली. टपाल पोहोचल्याच्या दिवसापासून मुदत मोजून त्याने 8 ऑगस्टला तक्रार दाखल केली. न्यायालयाने मुदत फॅक्स मिळाल्याच्या दिवसापासून धरली आणि तक्रार उशिराची ठरली. 'लेखी' या एका शब्दाच्या अर्थावर सगळे प्रकरण फिरले. पुढच्याच वर्षी आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील नोंदींना कायदेशीर मान्यता दिली.

काही व्यवहार्य सूचना

लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी यातून काही गोष्टी निघतात. यंत्र घेताना टीईसीचे प्रमाणपत्र मागावे. देवनागरी वा उर्दू मजकूर पाठवताना 'फाइन' ही सोय निवडावी. तीत पट्ट्या दुप्पट होतात. वेळ जास्त लागेल, पण अनुस्वार वाचेल. हाताने लिहिताना अनुस्वार ठसठशीत द्यावा. रक्कम आणि तारीख आकड्यांत व अक्षरांत, दोन्ही प्रकारे लिहावी. पाठवल्याचा अहवाल जपून ठेवावा, पण त्यावरील 'ओके'चा अर्थ नीट समजावा: पलीकडच्या यंत्राने पान घेतले, एवढेच त्यातून कळते, माणसाने ते वाचले असे नाही. उष्णतेने छापणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे काही वर्षांत उडतात. जुन्या लेखकांचे असे फॅक्स ज्यांच्या संग्रहात असतील, त्यांनी त्यांच्या झेरॉक्स प्रती आजच काढाव्यात. आता अनेक ठिकाणी तांब्याची तार जाऊन काचतंतू आला आहे. आवाज दाबून पाठवणाऱ्या अशा मार्गावर फॅक्सचे सूर बिघडू शकतात. म्हणून नवी जोडणी घेतल्यावर एक पान पाठवून तपासावे.

शेवटी एक विनंती शिक्षकांना. हे सारे नियम इंग्रजीत असतात आणि मराठीत ते कोणी सांगत नाही, म्हणून ते आपले नाहीत असे विद्यार्थ्यांना वाटते. याच शहरात 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले, आणि त्यासाठी विज्ञान व कायद्याची पुस्तके भाषांतरित करणारी संस्था त्याच्या आधीच वर्षभर कामाला लागली होती. तांत्रिक विषय आपल्या भाषेत बोलता येतो, हे हैदराबादला नव्याने सिद्ध करायचे नाही. पदवीच्या वर्गात एखादा असा नियम द्यावा आणि तो आपल्या आजीला समजेल अशा मराठीत लिहून आणायला सांगावे. कोणता शब्द ठेवायचा, कोणता बदलायचा आणि कोणता ठिपका गाळला तर अर्थाचा अनर्थ होईल, हे त्या एका पानात विद्यार्थी शिकतील.