पिशवी काढल्यानंतरचं मन

लातूर-नांदेडकडं गर्भाशयाची ‘पिशवी काढली’ म्हटलं की आयाबाया हमखास म्हणतात, ‘बरं झालं, सुटलीस एकदाची!’ जिच्या अंगावरून महिनोन्महिने जात होतं, तिच्यासाठी ते खरंही असतं. पण काही महिन्यांनी तीच बाई रात्री घामाघूम होऊन उठते, छाती धडधडते, भाकरी थापता थापता डोळे भरून येतात. मग घरचे विचारतात, ‘आता हिला काय झालं?’

गोंधळाचं मूळ एकच : पिशवी आणि बीजांडकोश यांत आपण फरकच करत नाही. पाळीचे हार्मोन्स बीजांडकोशात तयार होतात. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, हार्मोन्स चालूच राहतात. ते मात्र एरवीपेक्षा थोडे आधी कमी होऊ शकतात. दोन्ही बीजांडकोशही काढले, तर एरवी काही वर्षांत होणारा बदल काही दिवसांतच अंगावर येतो. चिडचिड, उदासी, उडालेली झोप हे नखरे नव्हेत. डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर ‘बीएसओ’ लिहिलं असेल, तर दोन्ही बीजांडकोश गेले आहेत. वय पंचेचाळीसच्या आत असेल तर हार्मोनचे उपचार घेता येतील का, हे डॉक्टरांना विचाराच. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते सहसा देत नाहीत.

‘आता नवरा-बायकोचा संबंध संपला’ हेही खोटं. साधारण सहा आठवड्यांनी, तपासणीनंतर तो पुन्हा सुरू करता येतो. कोरडेपणावर औषध आहे.

प्रत्येक दुःख हार्मोन्सचं नसतं, हेही सांगायला हवं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरं जातं म्हणजे कॅन्सर, या भीतीपोटी ऑपरेशन करून घेतलेली बाई पुढं फसवल्यासारखी खचते. तिला गोळीआधी ऐकून घेणारं माणूस लागतं.

मनाच्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका. आजच फोन करा.