प्लेलिस्टमध्ये जातं आहे का?

'टायटॅनिक' तुम्ही पाहिलाच असेल. त्यात जॅक रोझला वरच्या झगमगाटातून खाली थर्ड क्लासच्या पार्टीत घेऊन जातो. फिडल, ढोल, बासरी आणि घामाघूम होईपर्यंत नाच. त्या सीनमध्ये वाजवणारा बँड म्हणजे गेलिक स्टॉर्म, आणि ते संगीत आयर्लंडच्या खेड्यापाड्यातलं. आमच्या एका रूममेटला या एका सीननं असं काही वेड लावलं की महिनाभर खोलीत दुसरं काही वाजलंच नाही. मग एक दिवस त्यानं विचारलं, "आपल्याकडे असं काहीच नाही ना यार?" विचारावं तरी कुठे? हिवरा आश्रमात, विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाच्या पंगतीत, पुऱ्यांनी भरलेला ट्रॅक्टर समोरून जात असताना!

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता थोडंफार आहे, म्हणून हा लेख.

आधी त्याच्या आयर्लंडचंच बघू. तुम्हालाही तो नाद लागला असेल, तर प्लँक्स्टी या बँडचा १९७३ चा पहिला अल्बम ऐका, मग द चीफटन्स. आणि त्यानंतर खरखरणाऱ्या जुन्या तबकड्यांमधला मायकेल कोलमन. हा स्लायगो भागातला फिडलवाला १९१४ मध्ये अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या. त्या बोटीनं परत आयर्लंडला पोचल्या आणि गावोगावचे वादक त्याच्यासारखं वाजवायला लागले. झालं काय, की एका गावची ढब देशभर गेली आणि बाकी गावांच्या ढबी मागे पडल्या. रेकॉर्डिंगनं गाणं वाचतं, हे खरंच. पण जे रेकॉर्ड झालं तेच 'खरं' वाटायला लागतं, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे लावणीचं तेच झालं ना? लावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातलीच येते. सुलोचना चव्हाण ऐकाव्यातच, त्यात वादच नाही. पण एकदा यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी शोधा. बाई बसूनच गातात आणि एकेक ओळ पुन्हा पुन्हा, दरवेळी वेगळ्या भावानं घेतात. वयाची शंभरी ओलांडून त्या २०१८ मध्ये गेल्या. रील बघायच्या घाईत ही लावणी हाती लागणार नाही, वीस मिनिटं काढून ठेवा.

आता पुस्तकं. इथे एक गंमत सांगतो. आयरिश सुरांचा सगळ्यात गाजलेला संग्रह १९०३ मध्ये निघाला, त्यात १,८५० धून आहेत. तो कोणी काढला? शिकागोचे पोलीस प्रमुख फ्रान्सिस ओ'नील यांनी! त्यांना स्वरलिपी धड लिहिता येत नव्हती. ते सूर म्हणून दाखवायचे आणि त्यांच्याच खात्यातले जेम्स ओ'नील लिहून घ्यायचे. आपल्याकडे पोवाड्यांचा गाजलेला जुना संग्रह १८९१ चा, शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲकवर्थ यांचा. हे ॲकवर्थसाहेब मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. तिकडे पोलीस, इकडे म्युनिसिपालिटी. लोकांची गाणी जपायचं काम नेहमी भलत्याच खात्याकडे जातं वाटतं!

फरक एवढाच, की ओ'नीलच्या पुस्तकात सूर आहेत आणि आपल्या पोवाड्यांच्या पुस्तकात नुसते शब्द. चाल कुठली, डफावर थाप कुठे पडते, शाहीर श्वास कुठे घेतो, हे कागदावर नाहीच. त्यासाठी १२ जानेवारीला आपल्या शेजारच्या सिंदखेड राजाला जा. जिजाऊ जन्मोत्सवात शाहिरी समोर उभं राहून ऐका आणि मग पुस्तक उघडा.

अभ्यासाची गोडी असेल तर दुर्गा भागवतांचं 'लोकसाहित्याची रूपरेखा' आणि अशोक रानड्यांचं 'लोकसंगीतशास्त्र' घ्या. दुसरं पहिल्या वाचनात डोक्यावरून जातं. माझ्या तर गेलंच. तरी सोडू नका, कारण लोकसंगीताला स्वतःचं शास्त्र असतं, ते काही 'शास्त्रीय'चं कच्चं रूप नाही, हे तिथे नीट कळतं.

पण एकच गोष्ट निवडायची असेल, तर माझं मत जात्यावरच्या ओव्यांना. साने गुरुजींनी बायकांकडून ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केलं. लायब्ररीत असेल, धूळ झटकून घ्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉईटव्हाँ या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून सुरुवात करून राज्यातल्या हजारावर गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं बायकांच्या आवाजात रेकॉर्डिंगही झाली. २०१७ पासून हा खजिना 'पारी' या पी. साईनाथ यांच्या वेबसाइटवर येतोय, ओवीचा मजकूर आणि अर्थासकट, आणि तोही फुकट. परभणीच्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांच्यापासून सुरुवात करा, रात्री, हेडफोन लावून. सासर, भाऊ, सीतेचा वनवास, पाऊस, बाबासाहेब, सगळं त्या बायका दळता दळता बोलून गेल्यात. माणसासमोर बोलता येत नव्हतं, ते जात्याला सांगितलं.

हे ऐकून रूममेट म्हणाला, माझी आजीपण म्हणायची असं काहीतरी. मग काय, रविवारी निघालो त्याच्या गावी. आजीला म्हटलं, ओव्या म्हणा. तिला एकही आठवेना. दोन कशाबशा म्हटल्या आणि गप्प झाली. वर पंखा सुरू होता. घरी येऊन ऐकलं तर नुसती घरघर.

दिवाळीनंतर परत गेलो. या वेळी अक्कल आली होती. गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात पडलं होतं, वर्षातून एकदा हळदीला किंवा डाळ भरडायला निघायचं तेवढंच. ते धुऊन अंगणात मांडलं. आजीनं खुंटा धरला, मूठभर ज्वारीची वैरण घातली, दगड फिरायला लागला, आणि दगडाबरोबर आजीही सुरू झाली. चाळीस मिनिटं! आम्ही दोघं तोंडात बोट घालून बसलो. ओव्या तिच्या डोक्यात नव्हत्याच, हातात होत्या.

त्यातल्या काही मी पुस्तकात वाचलेल्या. पण पुस्तकात जिथे पंढरीचा विठ्ठल आहे, तिथे हिच्या ओवीत मेहकरचा बालाजी होता. भावांची नावं तिच्या खऱ्या भावांची. एका ओवीत तिच्या पहिल्या मुलीचं नाव आलं. ती दोन वर्षांची असताना गेली, हे रूममेटला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो उठून विहिरीकडे गेला, बराच वेळ आला नाही.

निघताना मी विचारलं, हे यूट्यूबवर टाकू का? आजी म्हणाली, "कोनाले दाखवू नको बापू. ते घरातलं हाय."

त्यामुळे ते या यादीत नाही. तुम्ही कुणाकडे गेलात तर आधी विचारा, आणि नाही म्हटलं तर नाही. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, जातं नसेल तर निदान हातात सूप द्या. गाव, तारीख आणि ओवी कुणाकडून शिकली हे सुरुवातीलाच बोलून घ्या, नंतर आठवत नाही. मध्ये 'वा वा' करू नका, रेकॉर्डिंगमध्ये फक्त तुमचाच आवाज येतो.

माझ्या मोबाइलमध्ये 'आजी २' नावाची फाइल आहे. 'आजी १' पण ठेवलीय. तिच्यात पंख्याची घरघर आहे, आणि मागे कुठेतरी त्या दोन ओव्या.