मल्लांचा खुराक
कुस्तीगिराच्या विशेष पौष्टिक आहारास ‘खुराक’ म्हणतात. कोल्हापूरच्या तालमींत दूध, तूप, मटण व बदाम घोटून केलेली थंडाई ही त्याची प्रमुख अंगे होत. दर किग्रॅ. वजनामागे दररोज सु. १·२ ते २ ग्रॅ. प्रथिने पुरेशी असतात. जोरकस सरावास लागणारे ग्लायकोजेन मात्र मुख्यतः भाकरी, भात इ. पिष्टमय पदार्थांतूनच साठते. वजनगटात बसण्यासाठी पाणी वर्ज्य करून घाम गाळणे घातक असते. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशा प्रयत्नांत मरण पावले. त्यानंतर तेथील नियम कडक करण्यात आले. कुस्ती सोडल्यावर खुराक व्यायामाच्या मानाने घटविला नाही, तर मेद वाढून मधुमेह, हृद्‌रोग इत्यादींचा धोका संभवतो.