चूक कोणाची आणि कशामुळे?

रुग्णालयात एखादी दुर्घटना घडली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “चूक कोणाची?” प्रश्न स्वाभाविक आहे, ज्याच्या घरचे माणूस गेले त्याला तो विचारण्याचा अधिकारही आहे. परंतु तेवढ्यावरच थांबल्याने पुढच्या रुग्णाचा जीव वाचत नाही, हे अमेरिकेतील एका शल्यवैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना पटवून देण्याचा यत्न केला. त्यांचे नाव डॉ. लूशियन लीप. त्यांच्या कार्याचा थोडा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

डॉ. लीप मूळचे लहान मुलांवर शस्त्रक्रिया करणारे. पुढे ते काम सोडून ते संशोधनाकडे वळले आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या एका मोठ्या पाहणीत सहभागी झाले. न्यूयॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांमधील, १९८४ सालच्या ३०,००० हून अधिक रुग्णांची कागदपत्रे तीत तपासली गेली. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरांतील सुमारे चार रुग्णांना रोगाने नव्हे, तर उपचारांमुळेच इजा झाली होती. आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या होत्या, असे पुढील विश्लेषणात दिसून आले.

मग हे सारे वैद्य आणि परिचारिका निष्काळजी होत्या काय? तसे मानणे सोपे, पण खरे नव्हे. लीप यांनी मानसशास्त्र व अभियांत्रिकी या विषयांतील लेखन अभ्यासले आणि १९९४ मध्ये वैद्यकातील चुकांवर एक लेख लिहिला. त्याचे सार असे, की कुशल आणि सावध माणूसही चुकतो. थकलेला, घाईतला माणूस अधिक चुकतो. तेव्हा माणूस चुकणारच नाही असे धरून चालू नये. चुकला तरी रुग्णाला अपाय होणार नाही, अशी कामाची मांडणी करावी.

एक उदाहरण घेऊ. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत दिले गेले तर हृदय बंद पडू शकते. त्याची कुपी साध्या मिठाच्या पाण्याच्या कुपीसारखी दिसत असेल आणि दोन्ही एकाच फळीवर असतील, तर रात्रपाळीच्या परिचारिकेला दटावून काय साधणार? ती कुपी वॉर्डातून हलवून औषधभांडारात ठेवली, की चुकीची वाटच बंद होते.

पण अशा वाटा कळणार कशा? त्या सांगणारा माणूस शिक्षेला भीत असेल, तर त्या झाकलेल्याच राहतात. विमानवाहतुकीने हे आधी ओळखले होते. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग ‘नासा’ या संस्थेला कळवतात. शिक्षा करणारे खाते वेगळे आणि अहवाल घेणारी संस्था वेगळी. नावे काढून टाकली जातात आणि धडा तेवढा सर्वांना कळवला जातो. रुग्णालयांतील अशा गोपनीय अहवालांना अमेरिकेत २००५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले.

येथे कोणी विचारील, “म्हणजे दोषी माणूस मोकळाच सुटायचा?” आक्षेप योग्य आहे. दारू पिऊन शस्त्रक्रिया करणारा किंवा जाणूनबुजून नियम मोडणारा माणूस आणि हातून नकळत चूक झालेला माणूस, यांत भेद केलाच पाहिजे. वैमानिकांच्या त्या व्यवस्थेतही हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याला आणि गुन्ह्याला अभय नाही. शिवाय गोपनीयता आहे ती अहवालाला. रुग्णापासून सत्य लपवण्याला नव्हे. झालेली चूक त्याला स्पष्ट सांगून क्षमा मागावी, असाच लीप यांचा आग्रह होता.

आम्हांला वाटते, यात आपणा नागरिकांचाही वाटा आहे. आपल्या संतापाला एक नाव मिळाले की तो शमतो. आणि ती कुपी मात्र त्याच फळीवर राहते. म्हणून “कोणी केले?” याबरोबर आपण आणखी दोन प्रश्न विचारू या: हे कशामुळे घडले, आणि पुन्हा घडू नये म्हणून तुम्ही काय बदललेत? त्यांचे उत्तर मिळेपर्यंत आपण उठू नये.