जुन्या मोटारीचे ब्रेक

जुन्या मोटारीचे ब्रेक सुधारावयाचे म्हटलें कीं मालकास प्रथम डिस्क-ब्रेकचा मोह पडतो. परंतु पदरीं द्रव्य थोडें असल्यास तें आधीं कोठें खर्चावें, एवढेंच आम्ही येथें सांगूं इच्छितों.

जुन्या अँबॅसडर गाडीचेंच उदाहरण घेऊं. तिच्या चारही चाकांस ड्रम-ब्रेक असत. पेडल दाबतांच तेल नळ्यांतून चाकांकडे रेटलें जातें आणि ब्रेक-शू ड्रमला आंतून घासतात. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट 3 जातीचें नवें तेल 205 अंश सेल्सिअसच्या आंत उकळतां कामा नये. ओलावा मुरलेलें मात्र 140 अंशांच्या सुमारासही उकळूं शकतें. घाट उतरतांना ब्रेक तापून तेलाची वाफ झाली, तर ती वाफच दबते, पेडल पोकळ जातें आणि गाडी थांबत नाहीं.

म्हणून पहिला खर्च तेल बदलण्याचा. दुसरा जुन्या रबरी नळ्यांचा. तिसरा झिजलेल्या शूंचा. गाडींत तेलाचा मार्ग एकेरी असेल, तर चौथा खर्च दुहेरी मास्टर सिलिंडरचा करावा. मग एक मार्ग फुटला तरी दुसरा हाताशीं राहतो.

शेवटीं गाडी थांबते ती टायरच्या पकडीनें. गुळगुळीत टायर ठेवून डिस्क बसविणें म्हणजे कच्च्या पायावर कळस चढविणें होय. आणि खालच्या गियरांत घाट उतरण्यास तर दमडीही लागत नाहीं!