संपीडक, खडक छिद्रणाचे : देखभाल

खडकात सुरुंगाची वा विहिरीची छिद्रे पाडणाऱ्या वायवीय यंत्रांना दाबाखालील हवा पुरविणाऱ्या यंत्राला खडक छिद्रणाचा संपीडक म्हणतात. व्यवहारात तो ‘कॉम्प्रेसर’ या नावानेच ओळखला जातो. खाणी, बोगदे, धरणांचे पाये, दगडांच्या खाणी व कूपनलिका (बोअर) या ठिकाणी त्याचा उपयोग करतात. कारखान्यातील संपीडक बंदिस्त व त्यामानाने स्वच्छ जागेत चालतो, तर छिद्रणाचा संपीडक धूळ, ऊन, पाऊस व धक्के सोसत उघड्यावर चालतो. त्यामुळे त्याची निगा हा स्वतंत्र विचाराचा विषय ठरतो. उष्णता, धूळ, पाणी आणि तेल या चार गोष्टींवर नियंत्रण ठेवणे हे या देखभालीचे सार आहे. त्यात कसूर झाल्यास काम मंदावते, इतकेच नव्हे तर संपीडकाच्या निर्गम नळीत वा हवेच्या टाकीत स्फोट होऊन जीवितहानीही होऊ शकते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भोर घाटातील रेल्वेमार्ग (१८५६–६३) बांधताना खडकातील छिद्रे मजुरांनी घण व पहारी यांच्या साहाय्याने हाताने पाडली आणि ती बंदुकीच्या दारूने उडविली. त्याच सुमारास आल्प्स पर्वतातील माँ सनी (फ्रेझ्यूस) बोगद्यात झेर्मँ सोमेय्ये या अभियंत्यांनी १८६१ पासून संपीडित हवेवर चालणारी छिद्रण यंत्रे वापरली. तेथील संपीडक जलशक्तीवर चालत. सु. १३ किमी. लांबीचा हा बोगदा १८७१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या हवेने बोगद्यातील वायुवीजनासही मदत होत असल्याने ही पद्धत लवकरच सर्वत्र रूढ झाली.

संपीडन व उष्णता : हवा दाबली असता ती तापते, हे देखभालीच्या बहुतेक नियमांचे मूळ आहे. ३०° से. तापमानाची हवा एकाच टप्प्यात ७ किग्रॅ./चौ. सेंमी. (वातावरणीय दाबाहून अधिक) दाबापर्यंत, उष्णता बाहेर जाऊ न देता दाबली, तर तिचे तापमान सैद्धांतिक दृष्ट्या सु. २७५° से. होते. हेच काम दोन समान टप्प्यांत करून मधे हवा पुन्हा मूळ तापमानापर्यंत थंड केली, तर प्रत्येक टप्प्याअखेरचे तापमान सु. १३५° से. पर्यंतच जाते. म्हणून दट्ट्याचे मोठे संपीडक दोन टप्प्यांचे असून त्यांत आंतरशीतक बसविलेला असतो. आंतरशीतकाच्या पंखांवर धूळ व तेल यांचा थर बसला किंवा पाण्याने थंड होणाऱ्या नळ्यांत क्षार साचले, तर हा लाभ नाहीसा होतो. याकरिता शीतकाचा बाह्य पृष्ठभाग हवेच्या झोताने वा पाण्याने नियमित स्वच्छ करतात. उंच डोंगराळ प्रदेशात बाहेरच्या हवेचा दाबच कमी असल्याने तोच कार्यदाब मिळविण्यासाठी संपीडनाचे गुणोत्तर वाढते व यंत्र अधिक तापते. तेथे शीतकाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

हवेचे आदान : संपीडकात धूळ शिरू न देणे हा देखभालीतील सर्वांत स्वस्त पण सर्वाधिक दुर्लक्षित भाग होय. दगडाची बारीक धूळ तेलात मिसळून सिलिंडर व दट्ट्याच्या कड्या कानशीप्रमाणे घासते. संपीडक शक्यतो वाऱ्याच्या दिशेने छिद्रणाच्या अलीकडे उभा करतात, म्हणजे उडणारी धूळ त्याच्याकडे येत नाही. डीझेल एंजिनाचा धूरही आदानमार्गात येता कामा नये. गाळणी चोंदली म्हणजे आत शोषलेल्या हवेचा दाब घटतो. परिणामी हवेचे प्रमाण कमी होऊन संपीडनाचे गुणोत्तर व तापमान दोन्ही वाढतात. फाटलेली गाळणी चोंदलेल्या गाळणीपेक्षाही घातक असते, कारण तिचा दोष तत्काळ जाणवत नाही.

झडपा : दट्ट्याच्या संपीडकातील पोलादी पट्ट्यांच्या झडपा दर मिनिटाला शेकडो वेळा उघडझाप करतात. निर्गम झडप गळू लागली, तर दाबलेली तप्त हवा सिलिंडरात परत येते व पुन्हा दाबली जाऊन अधिकच तापते. हे चक्र चालू राहिल्यास तापमान धोक्याच्या पातळीवर पोहोचते. म्हणून झडपेच्या आवरणाचा एखादा भाग इतरांपेक्षा अधिक गरम लागणे, हे दुरुस्तीचे स्पष्ट चिन्ह मानतात. झडपा काढून त्यांवरील काजळी साफ करणे, बैठक घासून सपाट करणे व तडे गेलेल्या पट्ट्या बदलणे ही कामे ठराविक तासांनंतर करतात.

वंगण व स्फोटाचा धोका : वंगण कमी पडले तर यंत्र झिजते, हे सर्वांना ठाऊक असते, परंतु ते जास्त झाले तरी तितकाच अनर्थ होतो, याची जाणीव कमी आढळते. जादा तेल तप्त निर्गम मार्गात जाऊन भाजले जाते व तेथे चिकट कार्बनी थर साचतो. या थरात तेल शोषले जाऊन त्याचे मंद ऑक्सिडीभवन होत राहते. निघणारी उष्णता बाहेर जाऊ शकली नाही म्हणजे थर आपोआप पेटतो. दाबाखालील हवेत ऑक्सिजन विपुल असल्याने ही आग नळीतून टाकीपर्यंत पसरू शकते व तेलाची वाफ योग्य प्रमाणात मिसळलेली असल्यास स्फोट होतो. यास्तव उच्च प्रज्वलनांकाचे, कार्बन कमी सोडणारे, निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल मोजून वापरतात. सिलिंडर, नळ्या किंवा टाकी रॉकेल वा पेट्रोल यांनी कधीही साफ करू नयेत. कारण आत उरलेली वाफ पुढील संपीडनात पेट घेते. साबणाचे पाणी वापरून नंतर सर्व भाग कोरडे करणे व त्यांस पुन्हा वंगण देणे ही सुरक्षित रीत होय.

पाणी व वायुसंग्राहक टाकी : हवेतील बाष्प दाबामुळे व नंतरच्या थंडाव्यामुळे द्रवरूप होते. ३०° से. तापमान व ८०% सापेक्ष आर्द्रता असलेल्या, म्हणजे कोकणातील पावसाळी दिवसासारख्या हवेत दर मिनिटाला १० घ. मी. हवा शोषणाऱ्या संपीडकातून, संपीडित हवा पुन्हा ३०° से. पर्यंत थंड केल्यास, तासाला सु. १२ लि. पाणी वेगळे होते. हे पाणी टाकीच्या तळाशी साचून पत्रा आतून गंजवते, तर छिद्रण यंत्रात गेल्यास तेथील वंगण धुऊन नेते. म्हणून तळाची तोटी दररोज, तर पावसाळ्यात पाळीतून अनेकदा उघडतात. टाकीवरील सुरक्षा झडप व दाबमापक नियमित तपासतात. सुरक्षा झडप बांधून ठेवणे वा तिच्या मार्गात बंद करता येणारी झडप बसविणे हा अक्षम्य प्रमाद होय. टाकीची ताकद तपासण्यासाठी ती पाण्याने भरून दाब देतात. पाणी जवळजवळ असंपीड्य असल्याने टाकी फुटली तरी फारशी ऊर्जा मोकळी होत नाही. हवेने केलेली चाचणी मात्र प्राणघातक ठरू शकते.

मळसूत्री संपीडक : १९३०–४० या दशकात स्वीडनमध्ये विकसित झालेल्या या प्रकारात दोन मळसूत्री घूर्णकांमध्ये हवा दाबली जाते. फिरत्या छिद्रण संचांवर आता बहुधा हाच प्रकार आढळतो. यात घूर्णकांवर तेल फवारून हवा जागीच थंड केली जाते व पुढे विलगकात तेल वेगळे करतात. येथे देखभालीचा भर झडपांऐवजी तेल, तेलाची गाळणी, तेलशीतक व विलगक यांवर असतो. तापमान फार वाढले तर तेल लवकर बिघडते व फार कमी राहिले तर पाणी तेलात मिसळून धारवे गंजतात. विलगकाच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील वाढता फरक तो चोंदल्याचे दर्शवितो. अति तापमानाला यंत्र आपोआप बंद करणारी कळ निकामी करून काम रेटणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

छिद्रणावर होणारा परिणाम : महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात आढळणाऱ्या बेसाल्ट खडकातील कूपनलिकांसाठी छिद्राच्या तळाशी चालणारा हातोडा वापरतात. त्यातून सुटणारी हवाच दगडाचा चुरा वर आणते. त्यासाठी दंडाभोवतीच्या मोकळ्या जागेत हवेचा वेग सेकंदाला सु. १५ मी. तरी असावा लागतो. छिद्राचा व्यास १५० मिमी. व दंडाचा ८९ मिमी. असल्यास याला मिनिटाला सु. १० घ. मी. हवा लागते. झिजलेल्या संपीडकाकडून ती न मिळाल्यास चुरा खाली बसतो, हातोडा अडकतो आणि पुष्कळदा महागडी अवजारे छिद्रातच सोडून द्यावी लागतात. गळतीचाही असाच परिणाम होतो. ७ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबाला ३ मिमी. व्यासाच्या भोकातून मिनिटाला सु. अर्धा घ. मी. हवा वाया जाते. अशी चार-पाच भोके एका जॅकहॅमरची हवा गिळतात.

नोंदी व दक्षता : दररोज तेलाची पातळी, प्रत्येक टप्प्याचा दाब, निर्गम तापमान व कामाचे तास यांची नोंद ठेवतात. दट्ट्याच्या संपीडकाची क्षमता पाहण्याची सोपी रीत म्हणजे रिकामी टाकी कार्यदाबापर्यंत भरण्यास लागणारा वेळ मोजणे. १ घ. मी. टाकी ७ किग्रॅ./चौ. सेंमी. पर्यंत भरण्यास मिनिटाला १० घ. मी. क्षमतेच्या यंत्राला सु. ४२ सेकंद पुरतात. हा काळ वाढत गेल्यास झडपा, कड्या वा गाळणी यांत दोष असतो. दुरुस्तीपूर्वी यंत्र बंद करून सर्व दाब सोडून देतात. दाबाखालील रबरी नळी निसटल्यास चाबकासारखी फिरून जबर इजा करते. म्हणून जोडांना सुरक्षा साखळी लावतात व दाब असताना जोड उघडत नाहीत. अंगावरील कपडे संपीडित हवेने झटकण्याची सवयही घातक आहे. तिच्यामुळे डोळ्यांना व कानांना इजा होते, तसेच दगडाची सिलिकायुक्त धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन सिलिकामयता हा असाध्य रोग होण्याचा संभव वाढतो.