गच्चीवरचे वाळवण आणि फ्रीजरचा कप्पा

विदर्भात अन्न टिकवण्याची जुनी जागा म्हणजे गच्ची किंवा अंगण. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी असते आणि मुगवड्या, कुरडया, सरगुंडे थोड्याच दिवसांत खडखडीत वाळतात. पुढे पावसाळ्यात भाजी मिळाली नाही किंवा घरी यायला उशीर झाला, तर मूठभर मुगवड्यांच्या रस्स्यावर रात्रीचे जेवण निभते. म्हणजे वाळवण हा रोजच्या संध्याकाळसाठी आधीच करून ठेवलेला अर्धा स्वयंपाकच होता. ओळखीच्या घरांतील स्वयंपाकाच्या नोंदी ठेवताना मला दिसले, की वाळवण थांबले आणि फ्रीज आला, पण ती तयारी फ्रीजमध्ये आली नाही. फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे, आइस्क्रीमचा डबा आणि फार तर मटाराची पिशवी!

वास्तविक दोन्हींमागचे शास्त्र एकच. जंतूंना वाढायला पाणी लागते. ऊन ते उडवून लावते. फ्रीजर त्याचा बर्फ करून पदार्थातच कोंडतो. मात्र गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून उतरू लागलेले वरण आत ठेवले, तर बाहेरही तसेच येणार.

दुसरा मुद्दा वेगाचा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. सावकाश गोठले तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाडतात आणि भाजी लिबलिबीत होते. लॅब्राडॉरमध्ये कडाक्याच्या थंडीत झटकन गोठलेले मासे पुढे ताज्यासारखे लागतात, हे पाहून अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी १९२०च्या दशकात जलद गोठवण्याचा उद्योग उभारला. घरच्या फ्रीजरला तेवढा वेग नाही; पण पिशवीतला थर बोटभर जाडीचा ठेवून ती आडवी ठेवणे आपल्या हातात आहे.

आपल्याकडे सर्वांत उपयोगी ठरते ते वाटण. पाटोडीच्या रस्स्याचा बराच वेळ कांदा-खोबरे भाजण्यात आणि वाटण्यात जातो. ते एकदाच करून एकेका वेळेपुरत्या वड्या गोठवल्या, तर संध्याकाळी वडी तेलात परतून पाणी घालायचे, एवढेच उरते. हरभरा, राजमा, चवळी शिजवून ठेवता येतात. हिवाळ्यातले तुरीचे सोले किंवा मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात घालावेत आणि कोरडे करून गोठवावेत. त्या उकळीने दाण्यातील विकरे निकामी होतात. नाहीतर गोठलेल्या दाण्याचाही रंग आणि चव हळूहळू जाते. रस्स्यातला बटाटा आणि काकडी मात्र ठेवू नये. बटाटा भुसभुशीत होतो, काकडी पाणी सोडते.

शिजवलेले अन्न पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत थंडीत जावे. खोलीच ३२ अंशांवर असेल, तर तासाभरात. नागपूरच्या उन्हाळ्यात हा दुसरा नियमच खरा. पिशवीवर नाव आणि तारीख लिहावी. दीर्घ साठवणीला उणे १८ अंश लागतात. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा तितका थंड नसतो, तेव्हा त्यातले आठवडाभरात संपवावे. पिशवी ओट्यावर न ठेवता आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, किंवा वडी थेट कढईत टाकावी.

वीज गेली तर दार उघडू नये. दिवाळीत गावी जाताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे तळाशी दिसले, तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे. मग आतले शिजवलेले अन्न टाकून द्यावे.

राहिला प्रश्न श्रमांचा. वाळवणाला शेजारणी जमत, मुले कावळे हाकत. काम वाटले जाई. फ्रीजरची तयारी मात्र बंद स्वयंपाकघरात होते आणि बहुधा एकटीवर पडते. तसे झाले, तर रोजच्या संध्याकाळचे कष्ट फक्त तिच्या रविवारवर ढकलले जातात. कांदे सोलणे, दाणे काढणे, पिशव्या भरून तारखा लिहिणे ही कामे घरातल्या कोणालाही जमण्यासारखी आहेत. ती वाटली गेली, तरच या कप्प्याने घराची संध्याकाळ सोपी केली असे म्हणता येईल.